पिवळ्या डब्यातले इंडियन

१

त्या सोमवारी प्रोफेसर ट्रेंचर्ड माझ्या रोटीच्या दुकानात आले आणि रोटी न मागता म्हणाले, "मिसेस रामलोगन, तुमच्या भाचीनं लबाडी केली आहे."

तव्यावरची डालपुरी उलटायची मी विसरले. उभ्या आयुष्यात माझी तेवढी एकच डालपुरी जळली, म्हणून तो सोमवार मला अजून लख्ख आठवतो. कार्निव्हल होऊन गेला होता, लेंटचे उपास चालू होते आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या गटारांत अजून चमक्या अडकलेल्या होत्या. आता त्या जागी बँक उभी आहे. तेव्हा खाली माझं दुकान होतं आणि वर डॉक्टर ली लम यांचा दवाखाना. अर्धांगाचे रोगी जिना चढण्याआधी माझ्या दाराशी दम खायचे, आणि उतरल्यावर झाडाच्या सालीच्या कडसर सरबताचा, मॉबीचा, थंडगार ग्लास घेऊनच घरी जायचे.

"काय चोरलं तिनं?" मी विचारलं.

"चोरलं नाही. आकडे फिरवले."

"प्रोफेसर, खाली बसा," कोपऱ्यातून आवाज आला. "उभ्यानं आरोप केले की पोट बिघडतं."

ती हायसिंथ कफी. पोलिसात सार्जंट होती. निवृत्त झाल्यावर तिनं ठाणं बदललं एवढंच. आता ती माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची आणि रोज दुपारी बोकडाची रोटी खाता खाता सगळ्या रस्त्यावर नजर ठेवायची.

वरच्या मजल्यावर त्या वर्षी एक यंत्र आलं होतं. आठच्या आकड्यासारखं वळवलेलं एक जाड कडं. ते डोक्याला लावायचं, बटण दाबायचं, 'टक' असा आवाज व्हायचा, आणि मनात नसताना माणसाचं बोट आपोआप उडायचं. दुखत नसे. किती हलक्या झटक्याला बोट उडतं तो आकडा मोजायचा. आकडा जितका लहान, तितकं बोट जागं. अर्धांगाच्या रोग्याचा हात परत येईल का, याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधायचे. प्रोफेसर मात्र ते यंत्र इंग्लंडहून वेगळ्याच प्रश्नासाठी घेऊन आले होते: माणसाच्या वंशाप्रमाणे हा आकडा बदलतो का? त्रिनिदादमध्ये सगळ्या वंशांची माणसं एका गल्लीत मिळतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. एका घरातसुद्धा मिळतात, हे सांगायचं राहून गेलं असावं.

पद्धत त्यांनी फार विचार करून बसवली होती. बाहेरच्या खोलीत मिस वर्ना बसायची. आलेल्या माणसाला ती वंश विचारायची. आत माझी भाची सुमिंत्रा कडं धरायची, आकडा चिठ्ठीवर लिहायची आणि घडी करून त्याच माणसाच्या हातात द्यायची. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही. ती चिठ्ठी मिस वर्ना त्या त्या वंशाच्या डब्यात टाकायची. बिस्किटांचे चार डबे होते: पिवळा इंडियनांचा, हिरवा आफ्रिकनांचा, लाल चिन्यांचा आणि निळा मिश्र लोकांचा. निळा दुसऱ्याच दिवशी भरला. त्याच्या जागी माझ्याकडचा पिठाचा डबा न्यावा लागला. प्रोफेसर स्वतः मागच्या खोलीत बसायचे. तोंडं पाहिली की मन झुकतं, म्हणून त्यांनी आलेल्यांपैकी एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं.

कार्निव्हलच्या आधी डबे उघडले, आणि पिवळ्या डब्यातले आकडे बघून प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. इंडियनांची बोटं सगळ्यांपेक्षा जागी! खात्री करायला त्यांनी आणखी इंडियन मागवले. कार्निव्हलनंतर मी माझ्या माहेरून, पिनालहून, मॅक्सी-टॅक्सी भरून नातेवाईक आणले. त्यांचे आकडे अगदी चारचौघांसारखे आले. माझे काका हरिलाल यांचं बोट तर डॉक्टरांनी दोनदा बघितलं, जिवंत आहे ना म्हणून.

"यंत्र मी तपासलं, ते ठीक आहे," प्रोफेसर म्हणाले. "म्हणजे पहिल्या चिठ्ठ्या खोट्या. तुमची भाची इंडियन. समोर आपला माणूस दिसला की आकडा कमी करून लिहायचा, सोपं आहे. शुक्रवारी मी परत जातो आहे. त्याआधी विद्यापीठाला कळवीन. तिला काढतील, आणि यंत्र बार्बाडोसला जाईल."

नोकरीचं ऐकून हायसिंथ गंभीर झाली होती. पण शेजारच्या, कायम चढाओढीतल्या बेटाचं, बार्बाडोसचं, ऐकून तिनं अर्धी रोटी बाजूला ठेवली आणि हात धुतले.

२

सुमिंत्रा दुकानाच्या मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यावर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसता संताप होता.

"मौसी, मला काढलं तर काढू दे. पण 'आकडे फिरवणारी' म्हणून काढलं, तर परत कुठल्या यंत्राला मला हात लावू देतील?"

"पोरी, फिरवलेस का?" हायसिंथनं विचारलं.

"टँटी हायसिंथ, तुम्हीसुद्धा?"

"मी सगळ्यांना विचारते. आमच्या बिशपनाही एकदा विचारलं होतं."

"नाही फिरवले!"

"मग कार्निव्हलच्या आधी जागी बोटं कोणाची होती? तोंडं तर तूच पाहिलीस."

सुमिंत्रा उठून उभी राहिली. "तेच मी ओरडून सांगतेय! इंडियनांची नव्हतीच. शहरामागच्या डोंगरावरचे तरणे आफ्रिकन होते, एकामागून एक येत होते. एकाचं बोट असं उडालं की माझा चहाचा कप खाली. हा डाग बघा." तिच्या पांढऱ्या कोटावर खरंच डाग होता.

"हे प्रोफेसरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, म्हणजे तू तोंडं लक्षात ठेवत होतीस तर!"

मला राहवलं नाही. "हायसिंथ, जागी बोटं आफ्रिकनांची आणि त्यांच्या चिठ्ठ्या इंडियनांच्या डब्यात? मग डबे कोणाच्या हातात होते, ते बघ ना."

"बासदई, पंचवीस वर्षं वर्ना तुझ्याकडून उधार न ठेवता चणे नेते. ती डबे बदलेल?"

"नाही."

"आणि ही पोरगी खोटं बोलतेय?"

"मुळीच नाही!"

"मग झालंच," हायसिंथ म्हणाली. "दोन खऱ्या बायका आणि मधे एक खोटी गोष्ट. चल वर."

३

मिस वर्ना नेहमीप्रमाणे विणत बसली होती. मान खाली, सुया चालू.

"सार्जंट कफी, मी शनिवार पाळणारी ॲडव्हेंटिस्ट ख्रिश्चन आहे," ती वर न बघता म्हणाली. "शनिवारी मी दिव्याचं बटणसुद्धा विचार करून दाबते. माझ्या हातून डबा चुकेल?"

"चुकला असं कुठे म्हटलं? तू विचारायचीस काय, तेवढं सांग."

"प्रोफेसरांनी शिकवलं तेच. पहिल्याच दिवशी एक जण आला, काळाभोर. मी आपला हिरवा डबा पुढे ओढला. तर आतून हे ओरडले, 'मिस वर्ना, विचारल्याचं ऐकू आलं नाही मला!' बाहेर येऊन नाही हं, दाराआडूनच. म्हणाले, तोंड बघून ठरवायचं नाही. 'तुम्ही कोण?' एवढंच विचारायचं, आणि माणूस सांगेल ते खरं मानायचं. ठीक आहे! त्या दिवसापासून मी मानच वर केली नाही. पायांशी बोलते."

"आणि लोक नीट सांगायचे?"

सुया थांबल्या. "नीट? हल्लीच्या माणसांना धड बोलता येतं का? एकाला विचारलं, तू कोण? म्हणे, खलाशी. मी वंश विचारतेय, हा धंदा सांगतोय! खलाशाचा डबा कुठून आणू? टाकला मिश्रमध्ये. एक म्हणाला, वटवाघूळ. माझ्या तोंडावर! मी म्हटलं, बाळा, आवाजावरूनच तुझी आई ओळखली, तीसुद्धा उद्धटच होती. मिश्र."

मला हसू आवरेना. हायसिंथ मात्र हसली नाही.

"आणि इंडियन?"

"ते चांगले. आवाज खणखणीत. एक तर म्हणाला, 'पंधरा वर्षं इंडियन आहे, मिस वर्ना, आणि मरेपर्यंत इंडियनच राहणार.' निदान त्याला आपल्या रक्ताचा अभिमान तरी होता."

हायसिंथ बाकावर बसली होती ती जराशी पुढे सरकली. "वर्ना, कार्निव्हलला तू कुठे असतेस?"

"कुठे म्हणजे? मायारोला, चर्चच्या शिबिरात. आई न्यायची, तेव्हापासून. ते सैतानी सोंगंढोंगं मी जन्मात पाहिली नाहीत आणि त्यांची चर्चा मी घरात होऊ देत नाही."

हायसिंथनं बाकाच्या गादीच्या फटीत बोटं घातली. त्या फटीत ती काय शोधत होती कळेना. तिथून एक जुना रुमाल निघाला, एक बटण निघालं आणि मग एक लांब, लालभडक पीस. त्याच्या देठाला वाळलेला गोंद होता.

"कोंबडी घेऊन आला असेल कोणी," मिस वर्ना म्हणाली.

"लाल?" मी म्हटलं. "गोंद लावलेली?"

हायसिंथनं पीस आपल्या टोपीत खोचलं आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

४

डॉक्टर ली लम यांच्यावरही संशय घ्यायला जागा होती, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. हायसिंथनं दार लावलं आणि विचारलं, "डॉक, तुम्ही प्रोफेसरांशी पैज लावली होतीत?"

डॉक्टर दचकले. "रमची एक बाटली. मी म्हटलं होतं, वंशावंशांत काही फरक सापडणार नाही. पण सार्जंट, आकडे फिरवले असते तर मी स्वतःची बाटली घालवायला फिरवले असते का?"

"ते खरं. तुम्हाला कुठल्या डब्यात टाकलं हो?"

"माझी एक आजी कँटनची, दुसरी ग्रेनाडाची. एक आजोबा व्हेनेझुएलाहून होडीत बसून आले, दुसरे कोण ते आजीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. वर्नानं विचारलं, 'तुम्ही कोण?' मी म्हटलं, 'दमलेला माणूस.' मिश्र."

"त्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्यात. कोणाची बोटं इतकी जागी असतात?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "खात्रीनं सांगता येणार नाही. पण दिवसरात्र हातांचा सराव करणारी माणसं असतात, वाजवणारी वगैरे. त्यांचा मेंदू त्या बोटांना जरा जास्त जागा देतो, असं आम्हाला दिसतं. पण त्याचा वंशाशी काय संबंध?"

"काहीच नाही," हायसिंथ म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

जिना उतरताना ती मला म्हणाली, "बासदई, पोटभर डालपुऱ्या बांध. मी डोंगरावर जाते."

"तुला कळलं?"

"तुलाही कळलंय. तू जन्माची इंडियन आहेस ना, म्हणून तुला दिसत नाही."

माझ्यावर एवढं कोडं टाकून, ते लाल पीस मिरवत ती निघून गेली. गुरुवार आला तरी तिचा पत्ता नाही. वर प्रोफेसर सामान बांधत होते. सुमिंत्रानं आपला डागाचा कोट धुवून, इस्त्री करून, घडी घालून टेबलावर ठेवला, परत द्यायला. 

आणि दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हे, बऱ्याच जणांची.

५

हायसिंथच्या मागे सहा फूट उंचीचा, कोळशासारखा काळा, रुंद खांद्यांचा माणूस होता. मागे आणखी चार-पाच तसेच. डोंगरावर सगळे त्याला चीफ म्हणत. त्याचं खरं नाव एझेकिएल, पण ते त्याची आई रागावली तरच ऐकू यायचं.

"प्रोफेसर," हायसिंथ म्हणाली, "मागच्या खोलीतून बाहेर या. आज माणसांची तोंडं बघा."

प्रोफेसर आले. सुमिंत्राही आली, भिंतीला टेकून उभी राहिली. चीफला बघताच ती ओरडली, "हाच! चहाचा कप!"

"वर्ना, मान खालीच ठेव," हायसिंथ म्हणाली. "त्या दिवशी विचारलंस तसंच विचार."

मिस वर्नानं चीफच्या बुटांकडे बघत विचारलं, "तू कोण?"

"इंडियन," चीफ खणखणीत आवाजात म्हणाला. "पंधरा वर्षं. आणि मरेपर्यंत."

"आता वर बघ."

मिस वर्नानं वर बघितलं. सुया हातातून गळून पडल्या. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चीफच्या रंगात काही फरक पडला नाही.

"हा… हा इंडियन आहे?" प्रोफेसर म्हणाले.

"माझ्याइतका कोणीच नाही," चीफ म्हणाला आणि पिशवीतून त्यानं काढून डोक्यावर चढवला तो लाल पिसांचा मुकुट! कमरेपर्यंत पिसं झुलत होती. कपाळावर आरशाचे तुकडे. एका पिसाची जागा रिकामी होती. हायसिंथनं टोपीतलं पीस काढून तिथे खोचलं. बरोबर बसलं.

आणि मी कपाळावर हात मारला. अहो, कार्निव्हलमधले इंडियन! अमेरिकेच्या रानातल्या जुन्या लोकांचं सोंग. पिसं, भाले, किंकाळ्या. लहानपणी त्यांना बघून मी आईच्या ओढणीत लपायची, आणि आई म्हणायची, अगं, ते पण इंडियन, आपण पण इंडियन, घाबरतेस कशाला?

"सुमिंत्रा खरं बोलत होती," हायसिंथ सांगू लागली. "जागी बोटं आफ्रिकनांचीच होती. वर्नाही खरं बोलत होती. इंडियन म्हणाले त्यांचीच चिठ्ठी पिवळ्या डब्यात गेली. दोघीही खऱ्या, मग खोटं कोण? मी म्हटलं, प्रश्नच खोटा असेल. प्रोफेसर, कार्निव्हलच्या तोंडावर या शहरात कोणालाही 'तू कोण?' म्हणून विचारा. पोलीस आयुक्तांना विचारा. यंदा सोंग कसलं, एवढाच त्याचा अर्थ. एक म्हणाला खलाशी, एक म्हणाला वटवाघूळ. तिथेच माझ्या लक्षात आलं. आणि पंधरा वर्षं इंडियन? रक्ताचा इंडियन असला तर तो पंधरा वर्षांपासून कसा असेल?"

"पण मिस वर्नाला हे कळायला नको?" प्रोफेसर म्हणाले.

"तिनं आयुष्यात कार्निव्हल पाहिला नाही. आणि तोंड बघायचं नाही, ही तर तुमचीच आज्ञा. या गावात एकच बाई अशी, जिला तो प्रश्न तुमच्यासारखा साधा वाटला, आणि तीच नेमकी तुम्हाला सापडली."

"आणि कार्निव्हलनंतर?"

"तेव्हा बासदईचे नातेवाईक आले. लेंटमध्ये 'तू कोण?' म्हटलं की माणूस सरळ उत्तर देतो. आता राहिली बोटं. चीफ, रात्री काय करता तुम्ही लोक?"

चीफनं तळहात पुढे केले. बोटांवर टणक घट्टे होते. "पॅन वाजवतो. तेलाच्या पिंपाचं वाद्य करतो ना, ते. सोंगातले सगळे आमच्याच पॅन-यार्डातले. कार्निव्हलच्या आधी झोप कुठली? रात्रभर वाजवायचं, सकाळी पिसं चिकटवायची. कोणीतरी म्हणालं, वर बोट मोजून घेतलं की खाली फुकट रोटी मिळते. म्हणून आलो सगळे."

प्रोफेसरांनी ते घट्टे बोटानं दाबून पाहिले. मग सुमिंत्राकडे वळून म्हणाले, "कडं लावून बघशील एकदा?"

"मी आकडे फिरवते," सुमिंत्रा म्हणाली. "तुम्हीच लावा."

प्रोफेसरांचे कान लाल झाले. त्यांनी स्वतः कडं धरलं. टक. चीफचं बोट उडालं आणि टेबलावरचा प्रोफेसरांचा चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. मशीनवरचा आकडा पिवळ्या डब्यातल्यांच्या तोडीचा होता.  मिस वर्नानं विणकाम उचलताना हळूच म्हटलं, "डाग लिंबानं जातो."

माफी मागायला प्रोफेसर सुमिंत्राला बाजूला घेऊन जाऊ लागले, तर हायसिंथ जिन्यात आडवी उभी राहिली. "आरोप खाली दुकानात केलात. माफीही तिथेच." आणि खाली, भरलेल्या दुकानात, त्यांनी तिचं पूर्ण नाव घेऊन मोठ्यानं माफी मागितली. मग माझी रोटी मागितली. मिरचीची चटणी किती, असं मी विचारलं नाही. रडत रडत खाल्ली त्यांनी, पण सगळी खाल्ली.

शुक्रवारचं विमान त्यांनी सोडलं. नव्या माणसांना बोलावून, या वेळी आजी-आजोबांची गावं विचारून, पहिल्यापासून सगळं मोजलं. एका डब्यातल्या माणसामाणसांत जेवढा फरक निघाला, त्यापुढे डब्याडब्यांतला फरक म्हणजे काहीच नव्हता. पॅनवाल्यांची बोटं का जागी असतात हे बघायला दुसरा अभ्यास काढला, त्यात सुमिंत्राचं नाव त्यांच्या नावाशेजारी छापलं. रमची बाटली डॉक्टरांना मिळाली. यंत्र बार्बाडोसला गेलं नाही.

हायसिंथ आता नाही. मिस वर्नाही गेली. पण या सगळ्याच्या पुढच्याच वर्षीचा कार्निव्हलचा सोमवार मला आठवतो, मी दुकानाच्या दारात उभी होते. डोंगरावरून पिसांची लाट उतरली. चीफच्या मागोमाग, लाल मुकुट सावरत, भाला उंचावून, माझी भाची किंचाळत चालली होती. सात पिढ्यांची इंडियन पोर!

"सुमिंत्रा!" मी ओरडले. "अगं, तू कोण?"

"इंडियन, मौसी!" ती गर्दीतून ओरडली. "या वर्षापासून!"